कॉलेज तुमच्या मुलाचं आहे: बे एरियातल्या मराठी पालकांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ईस्ट बेमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, गणित शिकवते. माझ्या वर्गात हायस्कूलची मुलंही असतात आणि हजेरी घेताना त्यातली बरीच आडनावं मला न अडखळता वाचता येतात. त्यांचे आई-बाबा मला मंडळाच्या गणपतीत भेटतात, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये भेटतात आणि हातातला मोदक संपायच्या आत विषय काढतात: "आमच्या अकरावीतल्याला ड्युअल एनरोलमेंटला कुठले कोर्स घालू?" मला या प्रश्नाचा राग येत नाही. पण त्यामागे तेच ते तीन-चार गैरसमज दिसतात आणि ते असे उभ्या उभ्या दूर होत नाहीत. म्हणून हे पत्र. उन्हाळी सत्राची नोंदणी उघडायच्या आत वाचलंत तर बरं.

भारतातून नुकत्याच आलेल्यांसाठी आधी थोडक्यात. हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचं क्रेडिट मिळवायचे इथे दोन मुख्य रस्ते आहेत. पहिला एपीचा, म्हणजे अॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचा. कोर्स शाळेतलाच, शाळेच्याच शिक्षकांनी शिकवलेला. मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा, १ ते ५ गुण, फी साधारण शंभर डॉलर. ३ किंवा जास्त मिळाले की युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे आपली यूसी, काही ना काही क्रेडिट देते. दुसरा रस्ता ड्युअल एनरोलमेंटचा. मूल प्रत्यक्ष कम्युनिटी कॉलेजात नाव घालतं, आमच्या नेहमीच्या विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून तोच कोर्स करतं आणि शेवटी ए ते एफ जी ग्रेड मिळेल ती कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रिकेवर, लागते. कोर्स किती मोठा ते युनिटमध्ये मोजतात, आणि कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना एरवी युनिटमागे ४६ डॉलर पडतात. हायस्कूलच्या मुलांना सत्राला ११ युनिटपर्यंत ही फी बहुतेक कॉलेजं माफ करतात, पुस्तकं आणि किरकोळ आकार वेगळे. व्हिसावर असलेल्या घरांनी मात्र गृहीत धरू नका, कॉलेजच्या ऑफिसात आधी विचारून घ्या.

फुकट हा शब्द ऐकला की आपले कान टवकारतात. त्यात वाईट काही नाही, मीही तशीच आहे. पण एपी आणि हे यांच्यातला फरक किती जणांनी नीट पाहिलाय? एपीची परीक्षा बिघडली तर गुण कुणाला न दाखवण्याची सोय आहे. कॉलेजातला कोर्स बिघडला तर तो दडवता येत नाही.

इथे आपलं महाराष्ट्रातलं शिक्षण आडवं येतं असं मला वाटतं. आपण सगळे दहावीनंतर "कॉलेजात" गेलो. अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष, ते मार्क पुढे कुणी विचारले नाहीत. बारावीचे विचारले, पण डिग्री हातात आल्यावर तेही फाईलमध्ये गेले. सीनिअरला एखादा विषय राहिलाच तर एटीकेटी होती. पुन्हा बसा, सोडवा, पुढे चला. त्यामुळे अकरावीतल्या मुलाने कॉलेजचा कोर्स घ्यायचा म्हटलं की आपल्या डोक्यात तेच चित्र उभं राहतं: जमलं तर जमलं, नाही तर बघू. इथलं गणित पार उलटं आहे.

तुमचा पंधरा वर्षांचा मुलगा ज्या दिवशी आमच्याकडे नाव घालतो, त्या दिवशी त्याचं कायमचं कॉलेज रेकॉर्ड सुरू होतं. पुढे त्याने मेडिकल स्कूलला अर्ज केला तर एएमसीएएस ही अर्जव्यवस्था प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट मागते, हायस्कूलमध्ये असताना केलेल्या कोर्सचंही, आणि त्या ग्रेड त्याच्या जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, मोजते. लॉ स्कूलच्या अर्जातही तसंच. दहावीच्या उन्हाळ्यात "सहज" घेतलेल्या सायकॉलॉजीतला डी बाविसाव्या वर्षी त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. एफ किंवा डी मिळाला तर कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत कोर्स पुन्हा घेता येतो. सी मिळाला तर साधारणपणे तेही नाही, कारण नियमाच्या लेखी सी म्हणजे पास आणि पास झालेला कोर्स ग्रेड सुधारायला पुन्हा देत नाहीत. दरवर्षी कोणीतरी पालक डोळे विस्फारून मला विचारतात, "म्हणजे सीपेक्षा डी बरा?" बरा नाही हो. पण प्रश्न चुकीचा नाही.

यातून वाट आहे. सत्राच्या सुरुवातीच्या मुदतीत कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच उमटत नाही. त्यानंतर सोडला तर डब्ल्यू, म्हणजे 'विथड्रॉन', लागतो. तो जीपीएत मोजत नाहीत, पण दिसतो. एखाद्या डब्ल्यूने आभाळ कोसळत नाही. मुलं मात्र घरी सांगायला घाबरतात, मुदत टळून जाऊ देतात आणि मग मला डिसेंबरमध्ये त्यांना एफ द्यावा लागतो. मी ग्रेड भरते तेव्हा मला ठाऊक असतं की ऑक्टोबरमध्ये घरात कुणी "राहू दे, सोड" म्हणालं असतं तर हे झालं नसतं.

आता उन्हाळ्याबद्दल, कारण सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. आमच्या राज्यात एका सेमिस्टर युनिटमागे किमान ४८ तासांचं काम धरतात, वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून. तीन युनिटचा कोर्स म्हणजे १४४ तास. हाच कोर्स सहा आठवड्यांच्या उन्हाळी सत्रात घेतला तर आठवड्याला २४ तास झाले. पाच युनिटचं कॅल्क्युलस सहा आठवड्यांत म्हणजे आठवड्याला ४० तास, पूर्णवेळ नोकरी. आणि तुम्ही मला सांगता की दोन कोर्स घेऊ, शिवाय एसएटीचा क्लास आहे, शिवाय जुलैत तीन आठवडे पुण्याला आजी-आजोबांकडे जायचंय पण "ऑनलाइनच आहे ना?" ऑनलाइन आहे. संध्याकाळी सहाची परीक्षा तिकडे सकाळी साडेसहाला येते. जेट लॅग झालेलं मूल, गेलेली वीज, शेजारच्या खोलीत जमलेले पाहुणे आणि लॅपटॉपवर इंटिग्रेशन बाय पार्ट्स. आजीला नातू भेटत नाही आणि मला विद्यार्थी.

क्रेडिट कुठे चालतं, यावर बोलण्याआधी एक सांगते. जे चालतं ते खरंच छान चालतं. यूसीला ट्रान्सफर होणाऱ्या कॉलेज कोर्सला यूसी आपल्या जीपीएत जादा पॉइंट देते, शाळेतल्या अवघड 'ऑनर्स' कोर्सला देते तसा, आणि प्रवेशासाठी लागणाऱ्या विषयांत कॉलेजचं एक सत्र म्हणजे हायस्कूलचं पूर्ण वर्ष धरते. कितीही युनिट झाले तरी बारावीतलं मूल फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचं नवं विद्यार्थी, म्हणूनच अर्ज करतं, त्याचीही भीती नको. कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या यूसीत किंवा कॅल स्टेटमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत) कशाच्या जागी धरतात हे असिस्ट डॉट ऑर्ग या अधिकृत संकेतस्थळावर विषयवार दिसतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारण्याआधी ते उघडा. यूसीत कॅम्पसवर राहून शिकायचं तर वर्षाला चाळीस हजार डॉलरहून जास्त खर्च येतो. वर्ष सोडा, एक सत्र वाचलं तरी घराला फरक पडतो.

पण त्या जादा पॉइंटला मर्यादा आहे. यूसी आठ सत्रांपुरतेच हे पॉइंट मोजते, त्यातली दहावीतली चारच. शाळेतल्या एपींनी ती आठ आधीच भरलेली असतील तर जीपीए फुगवायला म्हणून घेतलेला सोपा कोर्स तिथे काहीच करत नाही. उन्हाळा मात्र जातो. खाजगी विद्यापीठांचं तर प्रत्येकाचं वेगळं. हायस्कूलच्या डिप्लोमासाठी मोजलेला कोर्स अनेक जण पुन्हा कॉलेजसाठी मोजत नाहीत. एपीचंही तसंच: कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाही, डार्टमथने २०१४ साली आलेल्या बॅचपासून बंद केलं, ब्राऊन पदवीच्या मोजणीत धरत नाही, एमआयटीत कॅल्क्युलस बीसीला (एपीच्या वरच्या पातळीच्या कॅल्क्युलसला) ५ असले तर पहिल्या कॅल्क्युलसमधून सुटका होते. म्हणजे ज्या नावांसाठी आपण हा खटाटोप करतो, नेमकी तीच नावं या क्रेडिटला सगळ्यात कमी विचारतात. हे मी पार्टीत बोलले तेव्हा दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही, मग कुणीतरी विषय टेस्लावर नेला.

मग घ्यावं का? घ्यावं, पण मुलाला हवं म्हणून. बीसी कॅल्क्युलस अकरावीतच संपवलेल्या मुलीला शाळेत गणितच उरत नाही. तिने डि अँझा, ओलोनी, लास पोसितास, जे जवळ असेल तिथे जाऊन मल्टिव्हेरिएबल किंवा लिनिअर अल्जिब्रा जरूर करावं. अशा मुली माझ्या वर्गात पहिल्या रांगेत बसतात आणि तास संपल्यावर फळ्यापाशी थांबतात. त्यांच्यासाठी मी जेवायची सुट्टी आनंदाने सोडते. शाळेत नसलेल्या विषयांसाठी तर घ्यावंच: भाषाशास्त्र, भूगर्भशास्त्र, अमेरिकन साइन लँग्वेज. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने गाड्या दुरुस्तीचा कोर्स घेतला. वडिलांना आठ दिवस झोप लागली नाही. मुलगा आता मेकॅनिकल करतो आहे आणि वडील सगळ्यांना सांगतात की हे आधीपासूनच ठरलेलं होतं.

पुढची गोष्ट तुम्हाला सगळ्यात जड जाणार आहे. मुलाने कॉलेजात नाव घातलं की त्या रेकॉर्डवरचा हक्क त्याचा होतो, वय पंधरा असलं तरी. हा १९७४ चा केंद्राचा कायदा आहे, फेर्पा नावाचा. तुम्ही मला ईमेल करून मिड-टर्मचे गुण विचारलेत तर मी नम्रपणे नाही म्हणेन, आणि उद्या गणपतीत भेटलात तरी नाहीच म्हणेन. मुलाची लेखी परवानगी नसेल तर आम्ही सहसा बोलत नाही. इथे पीटीएम नाही, रोज गुण दाखवणारं पालकांचं लॉगिन नाही. शाळेत आयईपी (विशेष गरजांच्या मुलांसाठीची वैयक्तिक योजना) किंवा जादा वेळेची सवलत असेल तर ती कॉलेजात आपोआप येत नाही. मुलाने स्वतः आमच्या संबंधित ऑफिसात जाऊन मागावी लागते. हे शेवटचं वाक्य ज्यांना लागू आहे त्यांनी कृपया दोनदा वाचा, कारण त्यावाचून चांगली मुलं अडकलेली मी पाहिली आहेत.

आणि मुलाच्या नावाने तुम्ही लिहिलेल्या ईमेल ओळखू येतात, बरं का. सोळा वर्षांचं मूल "काइंडली डू द नीडफुल" असं लिहीत नाही.

मुलाला स्वतः लिहू द्या. आधी ते एका ओळीचं, नमस्कार नसलेलं, सगळं स्मॉल लेटर्समधलं काहीतरी पाठवेल. मी उत्तर देईन. दुसरं बरं असेल. ऑफिस अवर्सला यायला त्याचे पाय लटपटतील, पण येईल. पुढे चारशेच्या लेक्चर हॉलमध्ये बसल्यावर हेच त्याला उपयोगी पडणार आहे, आणि माझ्या मते तीन युनिटपेक्षा हे जास्त मोलाचं आहे. यूसीच्या कुठल्याही तक्त्यात ते दिसत नाही म्हणून आपल्याला त्याची किंमत वाटत नाही, एवढंच.

आता जे लिहायला मी बसले आहे ते.

ज्या कॉलेजातून तुमच्या मुलांना हे क्रेडिट मिळतं, त्या कॉलेजाबद्दल तुम्ही घरात काय बोलता ते मुलं मला सांगतात. "तिकडे कोण जातं?" "ज्यांना कुठेच मिळत नाही ते." नेमकं तेच घर त्याच कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवरचे ए मोजत असतं. तीन तीन युनिट करून आमच्याकडून घ्यायचं चालतं, पण पूर्ण दोन वर्षं आमच्याकडे काढायची म्हटलं की घरात सुतक. मार्चमध्ये यूसीचे निकाल लागतात आणि दरवर्षी एखादं मराठी घर महिनाभर मंडळाच्या कार्यक्रमांना येत नाही. का ते मला माहीत असतं. मुलगा हुशार असतो, नापास वगैरे काही झालेला नसतो. हव्या त्या कॅम्पसने नाही म्हटलेलं असतं, बस. त्याने आमच्याकडे दोन वर्षं केली, ठरलेले कोर्स ठरलेल्या ग्रेडने पूर्ण केले, तर यूसीच्या सहा कॅम्पसवर हमीने जागा मिळवायची सोय आहे, टॅग म्हणतात तिला: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली आणि एलए त्या हमीत नाहीत, पण ट्रान्सफरची मुलं तेही घेतात. डिग्रीवर कुठून आलात ते छापत नाहीत. त्याऐवजी मुलाला राज्याबाहेर दुप्पट पैशांच्या, त्याला न आवडणाऱ्या ठिकाणी पाठवलं जातं, कारण दिवाळीच्या कार्यक्रमात सांगायला एक नाव हवं असतं.

माझ्या संध्याकाळच्या वर्गात कोण असतं ते सांगते. दिवसा गोदामात काम करून आलेला चाळिशीचा माणूस. मूल शेजारणीकडे ठेवून आलेली मुलगी. लष्करातून परतलेला एक जण. घरात कॉलेजचं तोंड पाहणारे पहिलेच असलेले कितीतरी. आणि त्यांच्यात बसलेला तुमचा अकरावीतला मुलगा, ज्याच्या घरी दोघंही इंजिनिअर. राज्याने २०१५ साली एबी २८८ हा कायदा केला तेव्हा त्यात स्पष्ट हेतू होता: ज्यांचं कॉलेजला जाणं आधीच ठरलेलं नाही आणि ज्या समाजांतून कमी मुलं पुढे पोहोचतात, त्यांना हायस्कूलमध्येच कॉलेजची चव मिळावी. त्या कायद्याखालच्या करारांमध्ये कॉलेजचा वर्ग शाळेतच भरतो आणि मुलांकडून पुस्तकांचेही पैसे घेत नाहीत. तुमची मुलं बहुतेक वेळा त्या कराराबाहेर, जुन्या तरतुदीखाली येतात, आणि तिथे नोंदणीत त्यांचा नंबर शेवटचा लागतो, जेणेकरून नियमित विद्यार्थ्यांची जागा जाऊ नये. म्हणजे तुम्ही कुणाचं हिसकावून घेताय असं मी म्हणत नाही. दार तुमच्यासाठीही उघडं आहे आणि असावंच. पण नोंदणीच्या रात्री वर्ग भरलेला दिसला म्हणून दुसऱ्या दिवशी डीनना तक्रारीचं पत्र लिहिणं थांबवा. तो वर्ग मुळात त्या गोदामातल्या माणसासाठी भरलेला आहे.

तुमच्या मुलांना त्याच्याकडून काय मिळतं हे मला रोज दिसतं. ग्रुप वर्कमध्ये तो मुलांना विचारतो, "हे तुम्हाला एवढं पटकन कसं जमतं?" आणि मुलगा पहिल्यांदा विचार करतो की खरंच, कसं जमतं. रशियन मॅथ, कुमॉनसारखे जादा क्लास, आईचं रात्री शेजारी बसणं, हे सगळं त्याला पहिल्यांदा दिसतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने वर्षअखेरीस लिहून दिलं होतं की तिला इथे आधी लाज वाटत होती, आणि नंतर घरच्यांच्या बोलण्याची वाटायला लागली. मी ते घरी दाखवलं नाही. फेर्पा.

तेव्हा मागणं एवढंच. कोर्स घ्यायचा की नाही, कुठला, किती, हे मुलाला ठरवू द्या. पहिल्या खेपेला एकच, आणि जमलं तर पूर्ण सत्रात, सहा आठवड्यांच्या उन्हाळ्यात नको. सीसीसीअप्लायचा, म्हणजे कम्युनिटी कॉलेजांचा ऑनलाइन, अर्ज त्याला स्वतः भरू द्या. पासवर्ड त्याच्याकडे राहू द्या. सोडायच्या मुदतीच्या तारखा फ्रिजवर लावा. फॉर्मवर पालकाची सही लागते, ती करा. आणि जेवणाच्या टेबलावर आमच्या कॉलेजबद्दल बोलताना मुलं ऐकत असतात एवढं लक्षात असू द्या.

मंडळाच्या आणि मराठी शाळांच्या कार्यकर्त्यांना वेगळी विनंती. तुम्ही दरवर्षी एखाद्या खाजगी अॅडमिशन सल्लागाराला बोलावता, तो तासभर आयव्ही लीगच्या गोष्टी सांगतो आणि शेवटी आपलं पॅकेज विकतो. या वर्षी नोंदणीच्या आधीचा एक रविवार जवळच्या कम्युनिटी कॉलेजच्या काउन्सेलरला द्या. आमच्याकडचे लोक बोलावलं तर येतात, पैसे घेत नाहीत. प्रश्न मुलांनी विचारायचे. पालकांनी मागच्या रांगेत बसायचं. चहाचं मी बघते.

आपली,
ईस्ट बेमधली एक गणिताची मास्तरीण